सोयाबीनचं घरचं बियाणं: मळणीपासून पेरणीपर्यंत काय पाहायचं

सोयाबीनचं बियाणं चांगलं की वाईट, हे नुसतं दाण्याकडे बघून कळत नाही. पिवळाधमक, टपोरा, एकसारखा दाणा असूनही उगवण पन्नास टक्क्यांच्या खाली निघू शकते आणि थोडा बारीक, फिका दाणा ऐंशी टक्के उगवू शकतो. गहू-ज्वारीच्या बियाण्यावर वर्षानुवर्षं बसलेली नजर सोयाबीनला लावली की फसगत होते, कारण या दाण्याची घडणच वेगळी आहे. ती एकदा समजून घेतली की मळणीयंत्राचे फेरे, पोत्यांची थप्पी, पेरणीची खोली हे सगळे नियम आपोआप पटतात.

एक दाणा रात्रभर भिजत घाला आणि सकाळी त्याची साल अलगद सोला. डोळ्याच्या (दाणा शेंगेला चिकटलेला असतो त्या खुणेच्या) एका टोकाला, दोन डाळिंब्यांच्या (दाण्याच्या दोन दलांच्या) कडेला चिकटलेला, बाहेरच्या बाजूला वळलेला बारीक कोंब दिसेल. पुढे मूळ आणि खोड होणार ते यातूनच. त्याच्यावर कागदासारख्या पातळ सालीशिवाय कसलंही संरक्षण नसतं. दाणा कोरडा असताना त्याच जागी फटका बसला तर कोंबाला चीर जाते, आणि वरून मात्र दाणा धडधाकट दिसतो. त्यात या दाण्यात १८ ते २० टक्के तेल असतं. उष्णतेत आणि दमटपणात हे तेल खराब होत जातं आणि त्याबरोबर दाण्याचा जीवही. म्हणून ऑक्टोबरमध्ये ९० टक्के उगवणारं बियाणं मे अखेर ६० टक्क्यांवर येणं यात नवल काही नाही.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीला आलेल्या सोयाबीनवर पाऊस पडत राहिला. त्याच पिकाचं बियाणं २०२० च्या खरिपात पेरलं गेलं आणि उगवलंच नाही अशा तक्रारी महाराष्ट्रभरातून आल्या. त्यात घरचं बियाणं होतं, पिशवीतलंही होतं. दोन्हीकडे मूळ दुखणं बऱ्याच अंशी एकच होतं. शेंग पक्व झाल्यावर भिजते, वाळते, पुन्हा भिजते. प्रत्येक वेळी साल फुगते आणि आकसते, तिला सुरकुत्या आणि भेगा पडतात, आणि त्या भेगांतून बुरशी आत शिरते. एवढं झाल्यावर पुढे कितीही काळजी घेतली तरी गेलेली उगवण परत येत नाही.

वावरातच निवड करा

सोयाबीनचं परागीभवन स्वतःच्याच फुलात होतं. त्यामुळे एकदा प्रमाणित बियाणं घेतलं की त्याच्यापासून पुढची दोन ते तीन वर्षं घरचं बियाणं वापरता येतं, वाण बिघडत नाही. अट एवढीच, की बियाण्याचा तुकडा आधीच ठरवलेला हवा. मळणी झाल्यावर ढिगातून ‘चांगली चार पोती’ बाजूला काढणं म्हणजे बियाणं ठेवणं नव्हे.

पाणी साचत नाही आणि पीक लोळत नाही असा तुकडा निवडा. दुसऱ्या वाणापासून ३ मीटर अंतर ठेवा. प्रमाणीकरणातही सोयाबीनला एवढंच अंतर धरतात. भेसळ काढायला दोनदा फिरा, एकदा फुलोऱ्यात आणि एकदा शेंगा पिकताना. जेएस ३३५ या वाणाचं फूल जांभळं असतं, त्यामुळे त्यात पांढऱ्या फुलाचं झाड दिसलं की उपटायचं. शेंगा पिकताना उंची, शेंगेवरची लव आणि पक्व होण्याचा काळ बघायचा. शेजारची झाडं वाळली तरी हिरवंच राहिलेलं झाड बहुतेक वेळा दुसऱ्या वाणाचं असतं. अशी झाडं राहू दिली तर मळणीत त्यांचे ओले दाणे कोरड्यात मिसळतात आणि पोत्याचा ओलावा वाढतो. हा तोटा भेसळीपेक्षाही मोठा आहे.

९५ टक्के शेंगांचा रंग बदलला की कापणीला थांबू नका. कापून लावलेली गंजी पावसात भिजली असेल तर तो माल सरळ बाजारात न्या, बियाण्याला ठेवू नका. इथे मन घट्ट करावं लागतं.

मळणी: इथेच सगळ्यात जास्त बियाणं मरतं

मळणीयंत्रवाल्याला पैसे पोत्यावर मिळतात. जितका वेग, तितकी पोती. विक्रीच्या मालाला त्याने फारसं बिघडत नाही, बियाण्याला मात्र बिघडतं. दाण्यात १३-१४ टक्के ओलावा असेल तर ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० ठेवायचे. ओलावा १५ ते १७ टक्के असेल तर ४०० ते ५०० पर्यंत चालतं, कारण ओलसर दाणा थोडा लवचिक असतो. त्याहून वेग वाढला की कोंबावर मार बसतोच. यंत्रवाल्याला आधीच सांगा, की ही पोती बियाण्याची आहेत, वेळ लागू दे, पोत्यामागे थोडे जास्त देतो. ते जास्तीचे पैसे वाया जात नाहीत, कारण बियाणं मेलं तर दुबार पेरणीचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

पहिलं पोतं भरायच्या आधी तोंडातून पडणारा मूठभर माल हातात घ्या आणि शंभर दाणे मोजा. डाळ झालेले आणि साल तडकलेले दाणे दोन-तीनपेक्षा जास्त दिसले तर यंत्र थांबवा, फेरे कमी करा, ड्रम आणि जाळीतली फट वाढवा. नंतर पोती भरून झाल्यावर काही करता येत नाही. हार्वेस्टरने काढलेला माल बियाण्याला शक्यतो धरू नये. एक-दोन एकरापुरतंच बियाणं हवं असेल तर पेंढ्या ताडपत्रीवर काठीने हलक्या हाताने झोडपून काढलेलं बियाणं सर्वांत उत्तम, यात शंका नको.

मार बसला आहे का, हे पाहायला एक झटपट चाचणी आहे. शंभर साबूत दाणे भांड्यात घेऊन पाण्यात बुडवा आणि पाच ते सात मिनिटांनी बघा. ज्यांची साल तडकलेली असते ते दाणे एवढ्या वेळातच पाणी ओढून फुगतात, सालीला सुरकुत्या पडतात. धड साल असलेले तसेच राहतात. असे फुगलेले दाणे दहाच्या वर गेले तर मळणीत जास्त मार बसला आहे असं समजा. ही चाचणी मळणी चालू असताना तिथल्या तिथे करता येते, हा तिचा खरा उपयोग. उगवणक्षमता मात्र तिच्यावरून ठरवायची नाही.

वाळवताना दाणा ताडपत्रीवर दोन-तीन इंचांच्या थरात पसरा आणि अधूनमधून पायाने किंवा फावड्याने हलवा. सिमेंटच्या तापलेल्या ओट्यावर भर दुपारचं ऊन देऊ नका. दाणा वरून लवकर सुकतो, आत ओल राहते आणि साल तडकते. ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आला की थांबा. आडतीत ओलावा मोजायचं यंत्र असतं, तिथे मूठभर नमुना नेऊन मोजून घ्या. ९ टक्क्यांच्याही खाली गेलेला दाणा फार ठिसूळ होतो. पोतं नुसतं आपटलं तरी त्याची डाळ होते. त्यानंतर ४ मि.मी. लांबट भोकांच्या चाळणीने बारीक, फुटके दाणे आणि काडीकचरा काढा. गावात स्पायरल सेपरेटर (गोल घसरगुंडीवरून दाणे घरंगळवून वेगळं करणारं साधन) असेल तर डाळ आणि चपटे दाणे वेगळे करायला त्याच्यासारखं साधन नाही. त्याला वीजही लागत नाही.

साठवण

बियाण्याचं आयुष्य मोजायचा एक ढोबळ नियम आहे. दाण्यातला ओलावा १ टक्क्याने कमी झाला की साठवणीचं आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीच्या जागेचं तापमान ५ अंशांनी कमी झालं तरी दुप्पट होतं. (५ ते १४ टक्के ओलाव्याच्या टप्प्यात हा नियम लागू पडतो.) आता आपल्याकडे बियाणं कुठे ठेवतात ते बघा. पत्र्याची खोली, एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात बाहेरच ४२-४३ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. जाड भिंतीच्या, माळवदाच्या किंवा कौलाच्या खोलीत ठेवलेलं तेच बियाणं जास्त टिकतं ते याच कारणाने. दुसरी सोय नसेल तर निदान पत्र्यावर कडबा किंवा पाचट टाका आणि रात्री खिडक्या उघड्या ठेवा.

पोती तागाची असावीत. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, आणि एकावर एक चार ते पाच पोत्यांपेक्षा जास्त थप्पी नको, कारण वरच्या वजनाने तळच्या पोत्यातला दाणा दबतो. त्याच खोलीत खताच्या गोण्या किंवा फवारणीची औषधं ठेवू नका. युरिया आणि इतर खतं हवेतली ओल ओढतात आणि ती शेजारच्या पोत्यांना लागते. पोतं पाठीवरून धाडकन टाकलं की मळणीत वाचलेला दाणा इथे मरतो. उचलताना, ठेवताना, गाडीत भरताना दोघांनी धरा.

उगवणक्षमता: मोजायची कशी, आणि मोजताना चुकतं कुठे

कायद्याने सोयाबीनच्या बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. प्रमाणित बियाण्यात त्याबरोबर भौतिक शुद्धता किमान ९८ टक्के आणि ओलावा जास्तीत जास्त १२ टक्के. इतर अनेक पिकांना उगवणीची अट ८० किंवा ८५ टक्के आहे. सोयाबीनला ती ७० ठेवली आहे ती या दाण्याच्या नाजूकपणामुळेच.

चाचणी दोनदा करा, मार्चमध्ये एकदा आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा. मार्चचा आकडा कामाचा असतो तो बियाणं ठेवायचं की विकायचं हे ठरवायला. पेरणीचं प्रमाण मात्र मे अखेरच्या आकड्यावरच ठरवा, कारण मधल्या दोन महिन्यांच्या उन्हात तो खाली येतो.

नमुना घेण्यातच बहुतेकांचं चुकतं. वरच्या पोत्यातले छान छान दाणे निवडून चाचणी केली की ९० टक्के येतात आणि वावरात ५५. प्रत्येक पोत्यातून वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ दाणे घ्या, सगळे एकत्र करा, पसरून त्याचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. शेवटी उरलेल्यातून न निवडता दाणे मोजा. हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो, तो जाऊ देऊ नका. डाळ झालेले दाणे मोजायचे नाहीत, पण बारीक, फिके, सुरकुतलेले जसे येतील तसे घ्यायचे.

एकच शंभर दाणे लावून निकाल पक्का मानू नका. खरी उगवण ७० असलेल्या बियाण्यातून शंभर दाणे घेतले तर नुसत्या योगायोगाने निकाल ६१ येऊ शकतो किंवा ७९ सुद्धा. चारशे दाणे लावले तर हा फरक साधारण चार-पाच टक्क्यांवर येतो. म्हणून शंभर-शंभरचे चार भाग करा आणि सरासरी काढा. बीजपरीक्षण प्रयोगशाळाही चारशे दाणेच लावते.

गोणपाटाचा तुकडा धुऊन भिजवा आणि पिळून घ्या, पाणी ठिबकता कामा नये. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत, दोन दाण्यांत दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून दाणे मांडा. वर दुसरा ओला गोणपाट, मग सैल गुंडाळी. ती सावलीत उभी किंवा तिरकी ठेवा आणि रोज पाण्याचा हलका शिपका द्या. मे महिन्यात घरात ४० अंश असेल तर ही चाचणी खोटा निकाल देते; प्रयोगशाळेत २५ अंशांच्या आसपास करतात. माठाजवळ किंवा घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात गुंडाळी ठेवा. पाणी जास्त झालं तरी दाणे कुजतात आणि दोष बियाण्याला लागतो.

पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. मोड आला म्हणजे उगवलं असं धरू नका. मुख्य मूळ सरळ वाढलेलं, त्याच्यावरची मान (मूळ आणि डाळिंब्यांमधला दांडा) धड, आणि दोन डाळिंब्यांचा निम्म्याहून जास्त भाग निरोगी असेल तरच तो दाणा मोजा. मूळ खुंटलेलं, मानेवर तडा गेलेला, डाळिंब्या कुजून अर्ध्याहून जास्त काळ्या पडलेली रोपं वेगळी ठेवा. ती वावरात वर येत नाहीत. खुंटलेल्या मुळांची संख्या जास्त असेल तर तो मळणीचा मार. दाणे बुळबुळीत होऊन बुरशीने भरले असतील तर काढणीच्या वेळचा पाऊस किंवा साठवणीतली ओल. कारण कळलं की पुढच्या वर्षी कुठे लक्ष द्यायचं तेही कळतं.

पाचव्या आणि आठव्या दिवसाच्या आकड्यांतला फरकही लिहून ठेवा. पाचव्या दिवशी ६८ आणि आठव्या दिवशी ७२ असेल तर बियाण्यात जोम आहे. पाचव्या दिवशी ४० आणि आठव्या दिवशी ७२ असेल तर कागदावर तेही पास होतं, पण पेरणीनंतर पाऊस लांबला किंवा जमिनीवर पापडी आली की ते मातीतच राहतं. दोघांची टक्केवारी सारखी असली तरी बियाणं सारखं नाही. मला विचाराल तर पाचव्या दिवशी ४० वरच असलेलं बियाणं पेरूच नये.

आकड्यावरून पेरणीचं प्रमाण

एकरी ३० किलो ही शिफारस सगळ्यांना पाठ असते, पण ती ७० टक्के उगवणीसाठी आहे. प्रमाण काढायचं सूत्र सोपं: ३० गुणिले ७०, भागिले तुमची टक्केवारी. ६५ टक्क्यांना सुमारे ३२ किलो, ६० टक्क्यांना ३५ किलो. ८० टक्के असेल तर २६ किलोत भागतं. तिथे ३० किलो पेरलं तर दाटी होते, झाडं उंच वाढून लोळतात. ६० च्या खालचं बियाणं वाढीव प्रमाणात पेरूनही वाचत नाही, कारण त्यातल्या जिवंत दाण्यांतही जोम उरलेला नसतो. ते विकून टाका.

दाण्याचं वजनही हिशेबात धरा. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर एकरी सुमारे १ लाख ८० हजार झाडं बसतात. ७० टक्के उगवणीला २ लाख ५७ हजार दाणे लागतात. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम असेल तर हे होतात ३१ किलो, म्हणजे शिफारशीइतकेच. पण दाणा बारीक, १० ग्रॅमचा असेल तर २६ किलो पुरतात आणि टपोरा, १४ ग्रॅमचा असेल तर ३६ किलो लागतात. सोनाराकडच्या किंवा किराणा दुकानातल्या काट्यावर शंभर-शंभर दाणे चार वेळा तोलून घ्या. उन्हाळी हंगामातलं बियाणं बरेचदा बारीक असतं आणि लोक त्याला नाकं मुरडतात, पण डिसेंबर-जानेवारीत पेरलेल्या त्या पिकाची काढणी कोरड्या दिवसांत होते आणि साठवण महिना-दीड महिन्याचीच असते. उगवणीला ते सहसा सरस ठरतं, किलोही कमी लागतात.

बीजप्रक्रिया आणि पेरणी

क्रम महत्त्वाचा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत. कार्बोक्झिन अधिक थायरम या मिश्र बुरशीनाशकाची किलोला ३ ग्रॅम प्रक्रिया करा. खोडमाशीचा त्रास असलेल्या भागात त्यानंतर थायामेथोक्झाम ३० एफएस, किलोला १० मि.ली. पेरणीच्या तीन-चार तास आधी रायझोबियम (हवेतला नत्र धरणारे जिवाणू) आणि पीएसबी (जमिनीतलं स्फुरद विरघळवणारे जिवाणू), प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम, आणि मग सावलीत सुकवणं. पाणी किलोला १०-१५ मि.ली. च्या वर जाऊ देऊ नका. जास्त झालं की साल सुटते. बियाणं हाताने चोळू नका. ताडपत्रीची झोळी करून दोघांनी दोन्हीकडून हलवलं की दाण्याला औषध सारखं लागतं आणि साल शाबूत राहते.

७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर, वापशावर, ३ ते ४ सेंटिमीटर खोल पेरा. सोयाबीनचं रोप आपल्या डाळिंब्या डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतं. पाच सेंटिमीटरच्या खाली पडलेल्या दाण्याला ते ओझं वर आणता येत नाही आणि मान मोडते. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने पेरताना पहिल्या दोन ओळींनंतर उतरून बोटाने माती उकरा आणि खोली मोजा. मऊ जमिनीत फण हमखास खोल जातात.

पिशवी विकत घेत असाल तर

पैदासकार बियाण्याचा टॅग सोनेरी पिवळा, पायाभूतचा पांढरा, प्रमाणितचा निळा आणि सत्यप्रत बियाण्याचं लेबल हिरवं. सत्यप्रत म्हणजे वाईट असं नाही, पण तिथे प्रमाणीकरण यंत्रणेने शेत तपासलेलं नसतं, लेबलवरच्या आकड्यांची जबाबदारी उत्पादकाची असते. टॅगवर चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत बघा. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीच्या तारखेपासून ९ महिने असते. वर सांगितलेली गोणपाटाची चाचणी विकतच्या बियाण्यालाही करा. दुकानातही पोती पत्र्याखालीच असतात.

पिशवी खालच्या बाजूने फोडा, म्हणजे वरची शिलाई आणि टॅग जसेच्या तसे राहतात. पिशवी, टॅग, लॉट नंबर लिहिलेली पक्की पावती आणि अर्धा किलो बियाणं, बीजप्रक्रिया करायच्या आधी काढलेलं, पीक उभं राहीपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार लगेच द्या, कारण तालुक्याच्या समितीला पाहणी करायची असते ती न उगवलेल्या ओळींची. तिथे पाळी घातली किंवा दुबार पेरणी केली की पाहायला काही उरत नाही.